हिरवळीखालची जमीन

२०१४ साली बोर अभयारण्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. राज्यातला सहावा आणि तेव्हा देशातला सर्वांत लहान प्रकल्प, गाभा जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचा. सेलूहून बोरधरणाकडे जाणारा रस्ता आमच्या हिंगणीतून जातो, त्यामुळे पर्यटकांच्या मागोमाग कॅमेरेही गावातून जाऊ लागले. आधी नागपूरकडचे हौशी फोटोग्राफर आले, मग मोबाईलवर सफारीचे व्हिडिओ करणारे. गेल्या दहा-अकरा वर्षांत या व्हिडिओंचा साचा ठरून गेला आहे. पहाटेचे धुके, फाटकावर जिप्सींची रांग, वाघ दिसला की नाही, रिसॉर्टवरचे जेवण कसे होते, आणि शेवटी गुण. एखाद्याने त्यात पुनर्वसनाचा किंवा पीक-नुकसानीचा विषय काढला, की बघणाऱ्यांची तक्रार ठरलेली: राजकारण कशाला मधे आणता, वाघ दाखवा.

जगभरची गोल्फची मैदाने फिरून त्यांचे व्हिडिओ करणाऱ्यांनाही हेच ऐकावे लागते. हिरवळ कशी आहे, चेंडू कसा धावतो, एका फेरीचे पैसे किती, तेवढे सांगा. देशाचे सरकार आणि जमिनीची भांडणे नकोत. हिंगणीत गोल्फ कुणी खेळत नाही. पण हा वाद मला जवळचा वाटतो, कारण गोल्फइतकी जमीन मागणारा दुसरा खेळ नाही. अठरा होलच्या एका मैदानाला शंभर-दीडशे एकर सहज लागतात. एवढी जमीन कुणाच्या तरी ताब्यातून येते, आणि ती कशी आली हे मैदानाच्या परीक्षणात सांगायचे की नाही, हा खरा प्रश्न आहे. गेल्या साठेक वर्षांत त्याची उत्तरे वेळोवेळी मिळत गेली आहेत.

१९६३ साली दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या कंट्री क्लबच्या मैदानावर नाताळ ओपन ही स्पर्धा झाली. जिंकला सेवसंकर ऊर्फ पापवा सेवगोलम, भारतीय वंशाचा, कॅडी म्हणून राबत खेळ शिकलेला. त्याची पकडही सगळ्यांपेक्षा उलटी होती, डावा हात खाली. वर्णभेदाच्या नियमामुळे त्याला क्लबच्या इमारतीत पाऊल ठेवता येत नव्हते. पाऊस पडत होता. गोरे खेळाडू आत होते आणि विजेत्याला करंडक बाहेर, पावसात देण्यात आला. तो फोटो पुढे जगभर गेला. त्या दिवशी त्या मैदानाचे परीक्षण लिहिणाऱ्याने फक्त गवत आणि वाळूचे खड्डे यांचेच वर्णन केले असते, तर त्याला खरे परीक्षण म्हणता आले असते का? मला तरी म्हणवत नाही. क्लबच्या दारातून कोण आत जाऊ शकतो, ही त्या मैदानाबद्दलची पहिली माहिती आहे.

त्यानंतरचा टप्पा पर्यटनाचा. १९८० नंतर आशियात परदेशी पाहुण्यांसाठी गोल्फची मैदाने झपाट्याने उभी राहिली. १९९३ साली जपान, थायलंड, मलेशिया इथल्या कार्यकर्त्यांनी एकत्र येऊन गोल्फविरोधी जागतिक चळवळ सुरू केली. त्यांचे आक्षेप साधे होते: गावाच्या वाट्याचे पाणी हिरवळीवर जाते, खते आणि कीटकनाशके विहिरींत उतरतात, आणि शेतजमीन एकदा गेली की परत मिळत नाही.

आपल्याकडे याचे सर्वांत ठळक उदाहरण तेरेखोलचे. तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावरचे हे गाव गोव्याचे, पण जमिनीच्या बाजूने सिंधुदुर्ग जिल्ह्याने वेढलेले. गोव्यातून जायचे तर केरीहून फेरीबोट. किल्ला आधी सावंतवाडीकर भोसल्यांचा होता, १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकवला. पुढे किल्ल्यात हॉटेल झाले आणि तिथल्या सज्जातून दिसणारा समुद्र बहुतेक प्रवास-व्हिडिओंत असतो. पण सज्जामागे गाव आहे. तिथली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कूळ म्हणून जमीन कसत आली, काजूच्या बागा राखत आली. एका हॉटेल कंपनीने जमीनमालकाकडून जमीन घेतली आणि तिथे अठरा होलचे गोल्फ मैदान आणि आलिशान रिसॉर्ट उभारायचे ठरवले. कुळांचे म्हणणे असे की कसणाऱ्याची शेतजमीन अशी विकताच येत नाही. २०१५च्या मे महिन्यात बुलडोझर आले आणि गावकरी त्यांच्यासमोर उभे राहिले. प्रकरण न्यायालयात गेले.

तेरेखोलवर व्हिडिओ करणाऱ्याला किल्ल्याचा सत्याग्रह सांगावासा वाटतो, कारण तो इतिहास झाला आहे. पण काजूच्या बागेसाठी उभ्या राहिलेल्या गावकऱ्यांची गोष्ट तो सांगत नाही, कारण ते ‘राजकारण’. हा फरक मला अजिबात पटत नाही. १९५४ साली तिरंगा फडकवणे हेही राजकारणच होते.

नवी मुंबईतले प्रकरण याहून वेगळे. नेरुळच्या सीवूड्स भागात खाडीकाठच्या पाणथळीवर, जिथे रोहित पक्षी उतरतात, तिथे गोल्फ मैदान आणि निवासी संकुल उभारण्याचा बेत सिडकोच्या परवानगीने पुढे सरकला होता. रहिवासी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१८ साली न्यायालयाने त्या परवानग्या रद्द केल्या. पुढे वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. इथे मैदान झालेच नाही, म्हणून त्याचे परीक्षणही नाही. पण न झालेल्या मैदानाची गोष्टही प्रवास करणाऱ्याच्या कामाची आहे, कारण त्या काठावर तो रोहित पक्षी बघायला जातो.

जमिनीनंतर प्रश्न पैशाचा आला. २०२२ साली जूनमध्ये इंग्लंडमध्ये लिव्ह गोल्फ या नव्या व्यावसायिक मालिकेची पहिली स्पर्धा झाली. पैसा सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीचा. पत्रकार जमाल खशोगी यांचा २०१८ साली इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात खून झाला होता, त्यामुळे खेळाडूंना पत्रकार परिषदेत बक्षिसाच्या रकमेसोबत त्याबद्दलही विचारले गेले. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी त्याच वर्षी या स्पर्धांत सामील झाला. वर्षभरातच अमेरिकेच्या जुन्या पीजीए टूरनेही सौदी निधीशी हातमिळवणीचा मसुदा जाहीर केला. खेळ आणि राजकारण वेगळे ठेवा असे सांगणारे तेव्हा गडबडले, कारण राजकारण खेळाच्या मालकांनीच आत आणले होते.

आता बोरकडे. जंगल पर्यटनही न्यायालयाच्या आणि सरकारच्या शब्दावर चालते, हे सफारीच्या व्हिडिओत क्वचितच कळते. २०१२च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातले पर्यटन थांबवले होते. ऑक्टोबरमध्ये नव्या मार्गदर्शक सूचना आल्यावर ते पुन्हा सुरू झाले. आज जिप्सी किती सोडायच्या, कुठल्या वाटेने सोडायच्या, हे त्याच चौकटीत ठरते. गाभ्यातल्या नवरगावचे पुनर्वसन झाले. जिथे घरे होती तिथे आता गवताळ कुरण आहे आणि पर्यटक तिथे वाघाची वाट बघत थांबतात. ‘काय सुंदर मोकळी जागा आहे’ एवढे म्हणून पुढे जाणारा व्हिडिओ अर्धाच खरा असतो.

२०१७च्या डिसेंबरात बोरचा प्रसिद्ध नर वाघ बाजीराव नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेत मेला. हळहळ सगळ्यांनीच व्यक्त केली. पण वाघ ज्या वाटेने ये-जा करतो ती वाट महामार्गाने कशी तुटते, रस्त्याखालून जाण्याची सोय कुणी करायची, पैसे कुणी द्यायचे, हा विषय थोड्याच कॅमेऱ्यांनी घेतला. बाकीच्यांनी त्या वाघाची जुनी दृश्ये संगीत लावून पुन्हा दाखवली.

आणि एक गोष्ट जी या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसू शकते. हिवाळ्यात, म्हणजे पर्यटनाच्या ऐन हंगामात, हिंगणीच्या पुढे रस्त्याच्या कडेला हरभरा आणि तूर उभी असते. बांधाला बारीक तार असते, कोपऱ्यात सौर पट्टी आणि झटका मशीन. रात्री मचाणावर जागल. जंगलातून रानडुकरांचा कळप किंवा रोही, म्हणजे नीलगाय, येते, आणि सकाळी वावराचा एक कोपरा नांगरल्यासारखा उलथलेला असतो. मग वनविभागाकडे अर्ज, पंचनामा, आणि भरपाईची वाट. हे शेत आणि वाघाचे जंगल यांच्यामध्ये फक्त एक डांबरी रस्ता आहे, आणि पर्यटकांची गाडी त्याच रस्त्याने जाते. गाडीतून खिडकीची काच खाली केली तरी हे सगळे दिसते.

विरोधी बाजूलाही वजन आहे. रविवारी मुलाबाळांना घेऊन येणाऱ्या माणसाला आधी हे कळायला हवे की फाटक किती वाजता उघडते, पावसाळ्यात सफारी बंद असते का, गाईड चांगला आहे का. ही माहिती गाळून कुणी तासभर भाषण ठोकले, तर तो बघणाऱ्याची फसवणूक करतो. शिवाय एका दिवसासाठी आलेला माणूस गावातल्या गटबाजीत एका बाजूने बोलून जातो आणि त्याचे भोग गावाला भोगावे लागतात. निवडणुकीच्या काळात तर काही व्हिडिओ उघड प्रचाराचेच असतात. त्यात जंगल म्हणजे नुसती पार्श्वभूमी. अशा सरमिसळीला माझा विरोध आहे. पक्षाचा प्रचार वेगळा आणि जमीन, पाणी, वाट कुणाची हे सांगणे वेगळे.

खरे तर सर्वांत आधी सांगायचे राजकारण पैशाचे आहे. रिसॉर्टने फुकट ठेवून घेतले असेल, तर ते बघणाऱ्याला कळले पाहिजे. जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये याबद्दल स्पष्ट नियम सांगितले: पैसे, वस्तू, फुकट प्रवास किंवा मुक्काम मिळाला असेल तर तसे ठळकपणे जाहीर करावे. ज्याने हे सांगितले नाही आणि वर ‘मी राजकारणात पडत नाही’ म्हटले, त्याने बाजू आधीच निवडलेली असते.

मराठी माणसाला प्रवासात आजूबाजूचा समाज बघण्याची सवय जुनी आहे. गोडसे भटजी वरसईहून दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघाले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि लिहून ठेवला. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेवर लिहिलेल्या पुस्तकात तिथली शहरे आहेत, तसेच तिथले सरकार, शिक्षण आणि बायकांची स्थितीही आहे. ही पुस्तके आजही वाचली जातात ती त्यामुळेच.

बोरला कॅमेरा घेऊन येणाऱ्यांना माझी विनंती आहे. वाघ जरूर दाखवा, फाटकाची वेळ आणि जिप्सीचे भाडे बिनचूक सांगा. पण परतताना हिंगणीत गाडी थांबवा, हरभऱ्याच्या वावरात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला विचारा की या वर्षी नुकसानीचा अर्ज केला होता का आणि पैसे मिळाले का, आणि त्याचे उत्तर त्याच्याच आवाजात, त्याच्या परवानगीने, व्हिडिओत ठेवा.