खांद्याजवळची शेगडी

थंडी वाजली की आपण मोठी माणसे कुडकुडतो. स्नायूंची ती धडपड म्हणजे ऊब निर्माण करण्याची शरीराची युक्तीच होय. तान्ह्या मुलाला मात्र नीट कुडकुडता येत नाही. घरातल्या आजीबाई त्याला कुंची घालतात, दुपट्यात गुंडाळतात, हे योग्यच; परंतु निसर्गानेही त्याच्या पाठीत आणि मानेभोवती एक लहानशी शेगडी ठेवून दिलेली असते. तिचे नाव तपकिरी चरबी.

चरबी म्हटली की साठवण, असा आपला समज असतो. पांढऱ्या चरबीपुरता तो खराही आहे. तपकिरी चरबीचा धर्म उलटा. ती साठवीत नाही, जाळते. धरणाचे पाणी चक्रावरून सोडले तर वीज मिळते, पण सांडव्यावरून सोडले तर ते नुसते आदळत खाली येते. आपल्या पेशींतही अन्नाच्या ज्वलनातून असाच एक दाब साठतो आणि त्याच्या बळावर कामाची शक्ती तयार होते. तपकिरी चरबीच्या पेशींत एक खास प्रथिन सांडव्याचे दार उघडते. मग कामाची शक्ती न बनता सारी उष्णताच होते. हे ज्वलन ज्या सूक्ष्म भट्ट्यांत चालते त्यांत लोह असते, आणि त्या येथे दाटीने असतात. म्हणून हा तपकिरी रंग.

कोनराड गेस्नर या स्विस पंडिताने १५५१ साली मार्मोट नावाच्या डोंगरी प्राण्यात हा पदार्थ नोंदला. माणसात तो बालपणीच असतो, पुढे जवळजवळ नाहीसा होतो, असे पुष्कळ वर्षे मानीत. पुढे कर्करोग शोधण्यासाठी किरणोत्सर्गी साखर टोचून रोग्यांची चित्रे घेऊ लागले, तेव्हा काहींच्या मानेच्या तळाशी उगाच उजळलेली जागा दिसू लागली. अखेर २००९ साली बोस्टन, मास्ट्रिख्ट आणि तुर्कू येथील संशोधकांनी एकाच वेळी दाखवून दिले की, प्रौढांतही ही चरबी जिवंत असते. मास्ट्रिख्टच्या प्रयोगात गारव्यात बसवलेल्या २४ तरुणांपैकी २३ जणांत ती दिसली.

पण येथे एक नैतिक अडचण उभी राहते. केवळ कुतूहलापोटी निरोगी मुलाला किरणोत्सर्गी द्रव्य टोचावे काय? आणि या चरबीचे खरे महत्त्व तर मुलांतच! नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी यावर सौम्य उपाय योजला. १८०० साली विल्यम हर्शेलने तांबड्या रंगाच्या पलीकडचे अदृश्य उष्णताकिरण शोधले. आपली त्वचा असे किरण अहोरात्र बाहेर टाकते. उष्णताचित्रक हा कॅमेरा ते केवळ टिपतो; स्वतः काहीच सोडीत नाही. माणसाला बसवायचे, मान उघडी ठेवायची, हात गार पाण्यात बुडवायला सांगायचे आणि खांदा व छाती यांना सांधणाऱ्या आडव्या हाडाच्या वरचा खळगा किती तापतो ते पाहायचे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत ही जागा लहान मुलांत सर्वांत उबदार आढळली. वयाबरोबर ती ऊब कमी होत गेली.

मात्र आपण येथे सावध राहिले पाहिजे. हा कॅमेरा चरबी पाहत नाही, त्वचा पाहतो. त्वचेकडे रक्त जास्त वाहिले तरी ती तापते. उलट, मध्ये पांढऱ्या चरबीचा जाड थर असला तर आतली शेगडी पेटूनही बाहेर थंडच भासते. म्हणजे स्थूल माणसाची शेगडी विझली आहे की घोंगडीखाली झाकली आहे, हे एका चित्रावरून सांगता येत नाही. थोड्या निरोगी माणसांवर दोन्ही पद्धती वापरून पाहिल्या, तेव्हा त्या बऱ्याच जुळल्या. पण सडपातळ माणसावर जुळलेले माप सर्वांना लागू पडेलच असे नाही.

२०१९ साली नॉटिंगहॅमहूनच बातमी आली की, कॉफी प्याल्यावर ही जागा तापते. वृत्तपत्रांनी लगेच वजन उतरवण्याच्या गोष्टी सुरू केल्या. प्रयोगात माणसे होती नऊ! एवढ्यावरून पथ्य ठरवणे म्हणजे एका पावसावर पेरणी करणे.

तरीही हा शोध आम्हाला मोलाचा वाटतो, आणि तो आपल्यालाही जवळचा आहे. लायडन येथे २०१४ साली सडपातळ तरुणांची तुलना केली, तेव्हा दक्षिण आशियाई वंशाच्या तरुणांत ही चरबी गोऱ्या तरुणांपेक्षा कमी आढळली. ते तरुणही बाराबारा इतकेच. हे सर्वत्र खरे असेल तर मधुमेहाने गांजलेल्या आपल्या समाजाने ते जाणून घेतले पाहिजे. खरे नसेल तर तेही. त्यासाठी पुष्कळ मुलांना, पुन्हा पुन्हा, इजा न करता मोजावे लागेल, आणि ते असल्या निरुपद्रवी साधनानेच शक्य होईल. चित्र काढणे आता सोपे झाले आहे. ते नीट वाचणे, हेच खरे काम उरले आहे.