चूक विनोदाची की निष्काळजीपणाची?

व्याकरणाची चूक दिसताच आपला हात शिवशिवतो; परंतु काही चुका हेतुपुरस्सर केलेल्या असतात. २००७ साली अ‍ॅडम लिंडसे यांनी गंमत म्हणून रचलेली ‘लोलकोड’ ही संगणकभाषा पाहा. इंटरनेटवरील मांजरांच्या छायाचित्रांवर जे मोडके इंग्रजी लिहीत, त्यावर ती बेतलेली आहे. माहिती साठवण्यासाठी नवे नाव जाहीर करण्याची तिची आज्ञा ‘आय हॅज अ’ अशी आहे. तेथे कोणी ‘हॅव’ केले, तर इंग्रजी शुद्ध होईल, पण प्रोग्रॅम चालणार नाही. याउलट, अशा भाषेच्या माहितीपुस्तिकेत एखादा ‘नाही’ गळला, तर हसू येत नाही, वाचक फसतो. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये अशी दुरुस्ती कोणीही सुचवू शकतो. तात्पर्य, चूक कोणत्या जातीची हे आधी ओळखावे. मगच लेखणी चालवावी.