भंगाराचा भाव

१९६३च्या मार्चमध्ये अमेरिकेत एकाने टपालाने रायफल मागवली. इटालियन सैन्याची जुनी कार्कानो, वर दुर्बीण लावलेली. किंमत १९ डॉलर ९५ सेंट, टपालखर्च धरून २१ डॉलर ४५ सेंट. मासिकातलं कूपन कापायचं, मनीऑर्डर जोडायची, की बंदूक पत्त्यावर हजर. कूपनवर लिहिलेलं नाव खोटं होतं. खरं नाव ली हार्वे ऑस्वाल्ड. नोव्हेंबरात डलासमध्ये त्याच रायफलीच्या गोळीने केनेडी गेले. पाच वर्षांनी, १९६८ साली, नव्या कायद्याने टपालाचा हा सर्रास धंदा बंद झाला आणि परदेशी सैन्यांच्या मोडीत काढलेल्या बंदुकांची आयातही थांबली.

जुन्या लष्करी रायफलींचे भाव का चढतात, याचं उत्तर लोक बंदुकीत शोधतात. माझ्या मते ते दारात सापडतं. कोणत्या देशाचं कोठार कधी उघडलं आणि कोणत्या बंदरावर कधी कुलूप लागलं, यावर हा बाजार हलतो. १९८४ साली अमेरिकेने पन्नास वर्षांहून जुन्या, संग्राह्य ठरलेल्या लष्करी बंदुकांची आयात पुन्हा मोकळी केली. संग्राहकाचा परवाना तीन वर्षांना तीस डॉलर. तो असला की अशी बंदूक थेट घरी मागवता येते. सोव्हिएत संघ कोसळला आणि या उघड्या दारातून मोसिन-नागांत रायफल आत आली.

मोसिन १८९१ची. रचना रशियन अधिकारी सेर्गेई मोसिनची, काही भाग बेल्जियन नागांतचा. एकूण सुमारे ३ कोटी ७० लाख बनल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत कोठारांनी त्या दुरुस्त केल्या, घट्ट तपकिरी ग्रीसमध्ये बुडवल्या आणि वीस-वीसच्या लाकडी पेट्यांत भरून ठेवल्या. २००५ ते २०१०च्या सुमारास अमेरिकेत अशी एक रायफल शंभर डॉलरच्या आत मिळे. घेणारा ती काळ्या कचरापिशवीत गुंडाळून उन्हात ठेवी, ग्रीस वितळून खाली उतरे, मग उकळतं पाणी आणि चिंध्या. लाकडात मुरलेला तो वास मात्र जात नसे. आज तीच रायफल तीनशे-चारशे डॉलरच्या खाली क्वचित सापडते.

जवळपास पावणेचार कोटी बनलेल्या वस्तूची टंचाई कशी? बनल्या किती, याला बाजारात किंमत नाही. आत येतात किती, याला आहे. २०१४मध्ये रशियाने क्रिमिया घेतल्यानंतर कलाश्निकोव्ह कंपनीवर निर्बंध आले, रशियाशी बंदुकांचा व्यापार आटला. पूर्व युरोपातली कोठारंही रिकामी होत गेली. काडतुसांचं तर आणखी वाईट झालं. पूर्वी ४४० काडतुसांचा सीलबंद पत्र्याचा डबा बराच काळ पुरे आणि स्वस्तही पडे. जुने डबे संपले आणि २०२१मध्ये रशियन दारूगोळ्याच्या आयातीला नवे परवाने मिळणं थांबलं. म्हणून आज मोसिन घेणाऱ्याने आधी काडतुसाचा हिशोब मांडावा. नाही तर म्हैस आणायची आणि चारा शेजाऱ्याच्या गोठ्यात, अशी गत.

पण सगळ्याच मोसिनचा भाव सारखा चढला नाही, आणि खरी गंमत इथे आहे. सोव्हिएत कारखान्यांत दुरुस्तीच्या वेळी बोल्ट, दस्त्याचा पत्रा, मॅगझिनचा तळ सगळे सुटे करून एका ढिगात पडत. पुन्हा जोडताना जुना क्रमांक घासून नवा ठोकला जाई. वरवर सगळे क्रमांक जुळतात, पण ती जुळणी लग्नानंतर जमवलेल्या पत्रिकेसारखी. जाणकार घासलेल्या धातूची खोलगट जागा बोटाने चाचपतो. याउलट फिनलंडने रशियन सांगाड्यांवर नवी नळी चढवून बनवलेल्या मोसिन, चौकटीत ‘एसए’ असा शिक्का असलेल्या, पहिल्यापासूनच महाग. फिनलंडने स्वतः एकही सांगाडा बनवला नाही, तरी भाव सांगाड्याचा नव्हे, त्यावर झालेल्या कामाचा आणि त्या सैन्याच्या कहाणीचा.

दुसरा सापळा कापलेल्या रायफलींचा. १९५०-६०च्या दशकांत ब्रिटिश ली-एन्फील्ड इतक्या स्वस्त होत्या, की कॅनडा-अमेरिकेतल्या शिकाऱ्यांनी पुढचं लाकूड करवतीने उडवून त्यांच्या हलक्या हरणमार बंदुका केल्या. आज नवशिक्याला वाटतं, कापलेली घेऊ आणि लाकूड पुन्हा चढवू. मग पुढचा दस्ता, पट्ट्या, टोकाची टोपी, स्क्रू असं एकेक गोळा करताना खर्च अखंड रायफलीच्या आसपास जातो आणि विकताना मोल मात्र अखंडाचं येत नाही. कापणाऱ्यांनीच न कापलेल्यांची किंमत वाढवून ठेवली आहे.

ली-एन्फील्ड म्हणजे आपल्या बोलण्यातली थ्री नॉट थ्री. हवालदाराच्या खांद्यावर ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. कोलकात्याजवळच्या ईशापूर कारखान्यात ती स्वातंत्र्याच्या आधीपासून बने. त्यावर ब्रिटिश राजमुकुट आणि ‘जीआरआय’ ही अक्षरं असत. पुढे अशोकस्तंभाचे सिंह आले. १९६२च्या चीन युद्धानंतर याच कारखान्याने जुनी रचना ठेवून ७.६२ मिमी नाटो काडतूस घेणारी २ए आणि मग २ए१ बनवली, बारा गोळ्यांच्या मॅगझिनची. ही रायफल अमेरिकेत एकेकाळी शंभर-सव्वाशे डॉलरला पडून असे. नवी म्हणून हिणवली जाई. तिकडे एका व्यापाऱ्याने तर ती आखूड करून जंगल कार्बाइन म्हणून खपवली. आता न कापलेली २ए१ शोधणारे वाढलेत.

मला सर्वांत आवडते ती ईशापूरची ४१०ची मस्केट. थ्री नॉट थ्रीची नळी आतून गुळगुळीत करून त्यात वेगळं, छर्ऱ्याचं काडतूस बसवलेलं. पोलीस आणि पहारेकऱ्यांना दिलेली. जमावाने बंदूक हिसकावलीच, तर सैन्याची गोळी तिच्यात चालू नये. शासनाचा जनतेवरचा अविश्वास तिच्या नळीत कोरलेला आहे, आणि हा पुरावा अजूनही इतर ली-एन्फील्डपेक्षा स्वस्तात मिळतो. भारतात मात्र आपल्यासाठी हा छंद बहुधा काचेआडचा. थ्री नॉट थ्रीचा व्यास सामान्य माणसाला निषिद्ध, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर दोनच बंदुका.

आणखी एक मोठं कोठार नेपाळात उघडलं. काठमांडूच्या लगन सिलेखाना राजवाड्यात राणांच्या काळापासून पडलेल्या पन्नास हजारांहून अधिक बंदुका २००३मध्ये दोन अमेरिकी व्यापाऱ्यांनी मिळून घेतल्या. ब्रिटिश धाटणीच्या मार्टिनी-हेन्री, स्नायडर, ब्रन्सविक. आणि जनरल गेहेंद्र शमशेर यांनी रचलेली, हाताने घडवलेली गेहेंद्र रायफल, जिचा एकीचा भाग दुसरीला धड बसत नाही. विक्रीत दोन प्रती ठेवल्या होत्या: साफ केलेली, आणि धूळ व वाळलेलं ग्रीस तसंच ठेवलेली, स्वस्त. दुसरी घेणं म्हणजे जुगार. आत नळी गंजली आहे का, दस्त्याला वाळवी आहे का, हे पैसे दिल्यावर कळणार. तरीही बऱ्याच जणांनी तीच घेतली. दुसऱ्या कुणी घासण्याआधी पहिला हात आपला पडावा म्हणून.

आणि त्या आल्या टपालानेच. १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक अमेरिकी कायद्याच्या लेखी पुराणवस्तू. तिला परवाना लागत नाही. म्हणून खोकं उघडल्यावर घेणारा आधी नळी किंवा दस्ता बघत नाही. तो चिंधी घेऊन बाजूचा मळ पुसतो आणि मुकुटाखाली ठोकलेलं साल शोधतो.