जवळीक हवी, दुखणं नको

चाळिशीतलं एक जोडपं माझ्या दवाखान्यात आलं. यजमानांची कंबर धरायची, म्हणून ते शरीरसंबंध टाळत. आपण नकोशा झालो, असं पत्नीला वाटे. दोघंही वर्षभर गप्प!

कंबरदुखीत कुशीवर झोपून संबंध ठेवा, असा सल्ला आम्ही डॉक्टर सरसकट देत असू. २०१४ साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात कण्याच्या हालचाली मोजल्या, तेव्हा तो सगळ्यांना लागू नाही, हे कळलं. पुढे वाकल्यावर ज्या पुरुषाची कंबर दुखते, त्याला पत्नी ओणवी असलेलं आसन अधिक सोसतं. हालचाल मात्र कमरेतून नको, खुब्यातून हवी.

नवं आसन करून पाहण्याआधी दिवसा, निवांतपणी बोलून घ्या. उशीचा आधार घ्या, घाई करू नका. एकानं 'थांब' म्हटलं, की थांबायचं, रुसायचं नाही. कोरडेपणा असेल तर पाण्यात विरघळणारी जेली वापरा. तेलानं निरोध फाटतो. कळ पायात उतरली किंवा पाय बधिर झाला, तर डॉक्टरांना दाखवा.

महिन्यानं दोघं पुन्हा आले. बाई म्हणाल्या, "कंबर अजून दुखते यांची, पण आता सांगतात."