कोण सांगतंय, कशावरून सांगतंय?

१० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली परिसर भूकंपाने हादरला. तीव्रता ४.५. त्याच वर्षी २१ मार्चलाही असाच धक्का बसला होता. अशा वेळी त्याच भागातल्या शिरड शहापुरातल्या एखाद्या घरात मोबाइलवर निरोप येतो, असं समजा : ‘आज रात्री दोनला मोठा भूकंप!’ लेकरू विचारतं, ‘आजी, खरंय का?’

लेकरं काहीही खरं मानतात, हा आपला गैरसमज. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन-चार वर्षांच्या मुलांसमोर दोन माणसं बसवली. ओळखीच्या वस्तूंची नावं एकाने बरोबर सांगितली, दुसऱ्याने चुकीची. चेंडूला चक्क ‘बूट’ म्हणावं तशी. मग अनोळखी वस्तू पुढे ठेवली. कोण चुकतंय हे ज्यांनी हेरलं होतं, ती मुलं तिचं नाव विचारायला बहुतेकदा बरोबर सांगणाऱ्याकडे वळली.

मोबाइलवरच्या निरोपाची अडचण अशी, की सांगणारा दिसत नाही आणि तो आधी किती वेळा चुकला, हेही कळत नाही. म्हणून मुलांना तीन प्रश्न शिकवा : हे कोणी सांगितलं? त्याला कसं कळलं? दुसरं कोण हेच सांगतंय?

भूकंपाचा निरोप पहिल्याच प्रश्नावर अडखळतो, दुसऱ्यावर तर आपटतोच. भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगणं आज कुणालाही जमत नाही. झालेल्या धक्क्याची नोंद राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र देतं. ती मुलांना सोबत बसवून पाहा. आणि स्वतःला माहीत नसेल तर ‘मला ठाऊक नाही, चल शोधू’ असं बिनधास्त म्हणा.