दारावरचा पैसा

नागपूरच्या सीताबर्डी टेकडीवरील किल्ला १८१७ च्या लढाईमुळें इतिहासांत सर्वश्रुत झाला. परंतु तो लष्कराच्या ताब्यांत असल्यानें स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताकदिन अशा मोजक्या दिवशींच नागरिकांस त्यांत पाऊल टाकतां येतें. एरव्हीं खिशांत कितीहि पैसे असले तरी त्यांचा तेथें उपयोग नाहीं. ताडोबाच्या अरण्याची गोष्ट नेमकी उलट आहे. तेथें दार उघडें असतें. पण तें कोणासाठीं उघडें, हें बऱ्याच अंशीं खिसाच ठरवितो. सुटी लागतांच नागपुरांतील कित्येक घरांत ताडोबाचा किंवा पेंचचा बेत निघतो, प्रवेशशुल्क, वाहनाचें भाडें व वाटाड्याचा मेहनताना यांची बेरीज होते, आणि त्यांतील बरेच बेत त्या बेरजेपाशींच थांबतात.

हें शुल्क ठरवितो तरी कोण? दारावर बसलेला कारकून खास नव्हे. अरण्यांच्या बाबतींत हा अधिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांतून येतो: मुख्य वन्यजीव रक्षकानें परवाना द्यावा आणि त्यासाठीं विहित शुल्क घ्यावें, अशी त्यांत तरतूद आहे. केंद्राच्या संरक्षणाखालील लेणीं, किल्ले व मंदिरें यांचा कारभार १९५८ चा कायदा व त्याखालील १९५९ चे नियम यांवर चालतो. तेथें दर बदलावयाचा तर नियमच बदलावा लागतो, आणि त्याचा मसुदा आधीं राजपत्रांत छापून लोकांचे आक्षेप मागवावे लागतात.

अजिंठा आणि वेरूळ हीं ‘अ’ वर्गांतील स्थळें. तेथें २००० सालीं भारतीय प्रेक्षकास १० रुपये व परदेशीयास १० डॉलर असा दर ठरला. परदेशीयांचा दर भारी वाटल्यानें पुढच्याच वर्षीं तो ५ डॉलर किंवा २५० रुपये असा खालीं आणावा लागला. भारतीयांचा दर मात्र २०१६ पर्यंत जागचा हलला नाहीं, आणि त्या वर्षीं तो एकदम ३० रुपये झाला. २०१८ मध्यें ४०, व परदेशीयांस ६००. तिप्पट हा शब्द कानांवर पडतांच लोक चमकले. वास्तविक त्या सोळा वर्षांत बाजारांतील महागाईहि जवळजवळ तितकीच चढली होती. याला दरवाढ म्हणण्यापेक्षां राहून गेलेलें काम एका दिवसांत उरकणें म्हटलें तर अधिक शोभेल. दर दोन-तीन वर्षांनीं रुपया-दोन रुपये वाढले असते तर कोणाच्या डोळ्यांवर आलें नसतें. परदेशीयांकडून अधिक घेण्याचें समर्थन असें कीं, येथील नागरिक या वास्तूंचा खर्च कराच्या रूपानें आधींच देत असतो. पंधरा वर्षांखालील मुलांस मात्र तिकीटच नाहीं, आणि ही तरतूद सर्वांत शहाणपणाची आहे.

आतां हा पैसा जातो कोठें, हें पाहूं. अजिंठ्याच्या खिडकीवर जमा झालेला रुपया अजिंठ्यास मिळत नाहीं. तो भारत सरकारच्या संचित निधींत जातो, आणि देखभालीचा पैसा अंदाजपत्रकांतून निराळा येतो. स्थानिक लोकांस यांत अन्याय दिसतो. तथापि केंद्राच्या संरक्षणाखालीं सुमारे ३,७०० स्मारकें आहेत, व त्यांपैकीं तिकीट लागतें तें दीडशेच्या आसपास ठिकाणीं. आडवाटेच्या ज्या देवळास वर्षांतून शंभर पावलेंहि लागत नाहींत, त्याच्या ढासळत्या भिंतीस चुना कोणी लावावा? मोठ्या लेण्यांनीं सगळा पैसा आपल्याच गांठीं बांधला, तर धाकट्यांनीं कोणाच्या तोंडाकडे पाहावें?

व्याघ्रप्रकल्पांनीं मात्र निराळी वाट धरली. कायद्यांत २००६ सालीं झालेल्या दुरुस्तीनें प्रत्येक प्रकल्पासाठीं एक प्रतिष्ठान उभें करण्याची सोय झाली, आणि प्रवेशशुल्क सरकारी तिजोरींत न जातां त्या प्रतिष्ठानामार्फत अरण्याकडे व भोंवतालच्या लोकांकडे फिरावें असें ठरलें. येथें न्यायाची बाजू अधिक उघड आहे. ताडोबाचा वाघ पाहण्यास नागपूरचा पाहुणा दोन दिवस येतो. त्याच वाघाच्या शेजारीं मोहर्लीचा शेतकरी बारा महिने राहतो, आणि गोठ्यांतील जनावर जातें तें त्याचें.

परंतु शुल्क वाढवून अरण्यांतील गर्दी कमी होते, हा समज खरा नव्हे. सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०१२ मध्यें व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यांतील पर्यटन कांहीं काळ बंद केलें. ऑक्टोबरमध्यें तें नव्या मार्गदर्शक नियमांसह पुन्हां सुरू झालें. दारागणिक किती वाहनें सोडावयाचीं, हें आधींच ठरलेलें असतें. दर कमी झाला म्हणून एकहि वाहन अधिक जात नाहीं. दर ठरवितो तें इतकेंच कीं त्या ठराविक वाहनांत बसणार कोण. ताडोबांत शनिवार-रविवारचा दर इतर दिवसांहून चढा असतो. यांत हिशेब आहे, पण शाळकरी मुलांस आणि नोकरदारांस मोकळा असतो तो नेमका रविवार. सोमवारची सवलत ज्यांस सोमवारीं रजा घेतां येते त्यांच्याच उपयोगाची.

अमेरिकेंत मोटारींवर शुल्क घेण्याची प्रथा १९०८ सालीं माउंट रेनियर येथें सुरू झाली. तेथील २००४ च्या कायद्यानें जमा रकमेपैकीं निदान ८० टक्के त्याच उद्यानापाशीं राहतात. सतरा मोठ्या उद्यानांत गर्दीच्या हंगामांत वाहनामागें ७० डॉलर घ्यावे, अशी सूचना २०१७ मध्यें निघाली. तीवर लाखाहून अधिक लोकांनीं मतें लिहून पाठविलीं. एप्रिल २०१८ मध्यें ती मागें घेण्यांत आली आणि कमाल दर ३५ डॉलरवर थांबला. आपल्याकडेहि स्मारकांच्या दराचा मसुदा राजपत्रांत निघतो व आक्षेपांस मुदत असते. पण राजपत्र घरीं येत नाहीं, आणि नवा दर बहुतेकांस कळतो तो रांगेंत उभें राहिल्यावर, खिडकीवरील पाटीवरून.