स्थानिक स्वराज्याची रिकामी खुर्ची

नागपुराहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, कन्हान नदीच्या काठी वसलेले मौदा हे गाव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या नित्य जाण्यायेण्यातले आहे. एकेकाळी धान, मिरची व आठवड्याचा बाजार एवढीच ज्याची ओळख, ते आज तालुक्याचे ठाणे झाले आहे. तालुक्यात मोठे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले, कारखाने आले, रस्त्यावर मालमोटारींची रीघ लागली आणि ग्रामपंचायतीच्या जागी नगरपंचायत आली. गावाचे शहर होताना घरपट्टी वाढते, हे व्यापाऱ्यांस सांगावयास नको. परंतु पट्टी देणाराचा पट्टी घेणारावर जो ताबा असावयाचा, तोही त्याच प्रमाणात वाढला काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्या जिल्ह्यातील स्थानिक निवडणुकांचा मागील इतिहास थोडा चाळून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

नागपूर शहरात म्युनिसिपालिटी स्थापन झाली ती 1864 साली. त्या काळच्या म्युनिसिपालिट्या म्हणजे सरकारी अधिकाऱ्यांच्या बैठकी. शहरातील चार प्रतिष्ठित गृहस्थ त्यांत शोभेस बसत. लॉर्ड रिपन यांनी 18 मे 1882 रोजी आपला प्रसिद्ध ठराव काढला, तेव्हा प्रथम सरकारच्या तोंडून असे शब्द निघाले की, या संस्था लोकांस राज्यकारभाराचे शिक्षण देण्यासाठी आहेत. त्यांत बिनसरकारी सभासदांचे आधिक्य असावे आणि शक्य तेथे ते निवडून यावेत. कारभार प्रारंभी थोडा बिघडला तरी चालेल, परंतु लोकांनी तो शिकावा, ही त्यामागील दृष्टी होती. पुढच्याच वर्षी, म्हणजे 1883 साली, मध्यप्रांतांत स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला. तहशिलीस लोकल बोर्ड व जिल्ह्यास डिस्ट्रिक्ट कौन्सिल अशी त्याची रचना होती.

या कायद्यातील एक गोष्ट व्यापारी वर्गाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. लोकल बोर्डावर तीन प्रकारचे सभासद असत. गावांचे गट पाडून त्यांतील मुकादमांनी आपले प्रतिनिधी निवडावयाचे. व्यापारी मंडळींचे प्रतिनिधी निराळे. आणि उरलेले सरकारने नेमावयाचे. म्हणजे मौद्यासारख्या बाजारगावाचा सावकार किंवा धान्याचा अडत्या आपल्या धंद्याच्या नात्याने बोर्डात पोचू शकत होता. परंतु त्याच्याच दुकानापुढे पोते उचलणारा हमाल, बांधावर राबणारी मजूर स्त्री, वेठबिगारीने पिचलेला महार, कोष्टी, ढीवर यांस त्या बोर्डाच्या दारात उभे राहण्याचाही कायदेशीर मार्ग नव्हता. गावाचे मत म्हणजे मुकादमाचे मत, असा तो हिशेब होता. त्या काळी हा कायदा उदार समजला गेला, आणि त्या काळाच्या मापाने तो तसा होताही. परंतु ज्यांच्या नावाने विहिरी खोदावयाच्या, त्यांस त्या कोठे खोदाव्या हे विचारलेच जात नव्हते, ही गोष्ट नाकारता येत नाही.

इंग्लंडात तरी प्रारंभी याहून फार निराळे होते असे कोणी समजू नये. तेथील जुन्या शहरांचे कारभारी आपल्याच आप्तेष्टांस जागा वाटून देत; 1835 सालच्या म्युनिसिपल कॉर्पोरेशन कायद्याने त्यांची सद्दी संपली आणि कर भरणाऱ्या पुरुषांस मत मिळाले. कर भरणाऱ्या स्त्रियांस तेच मत मिळण्यास 1869 साल उजाडावे लागले. मात्र त्या 1835 च्या कायद्यात एक शहाणपण होते, आणि आमच्या मते ते मताधिकाराइतकेच मोलाचे होते. दरसाल एक नोव्हेंबरास निवडणूक व्हावयाची आणि कौन्सिलातील एक तृतीयांश सभासदांनी पायउतार व्हावयाचे, असा नियम कायद्यातच घालून दिला होता. निवडणूक केव्हा घ्यावी हे मंत्र्याच्या मर्जीवर नव्हते. ते पंचांगात होते.

आमच्याकडे मताधिकार रुंदावत गेला, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. मध्यप्रांतांत 1920 साली स्थानिक स्वराज्याचा व 1922 साली म्युनिसिपालिट्यांचा नवा कायदा होऊन निवडून आलेल्यांचे बळ वाढले. 1948 साली द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने डिस्ट्रिक्ट कौन्सिले व लोकल बोर्डे मोडून तहशीलवार जनपद सभा उभारण्यात आल्या. 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि 1960 साली महाराष्ट्रात. त्यानंतर वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींप्रमाणे 1961 चा कायदा होऊन 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. पुढे 73 वी व 74 वी घटनादुरुस्ती 1993 साली अंमलात येऊन अनुसूचित जातीजमातींस व स्त्रियांस राखीव जागा मिळाल्या. महाराष्ट्राने 2011 साली स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. सतरा जागांच्या नगरपंचायतीत आज निम्म्या खुर्च्यांवर स्त्रिया बसतात. त्यांपैकी काहींचा कारभार त्यांचे यजमान पाहतात, हे आम्ही जाणतो. परंतु 1883 च्या मुकादमाच्या मानाने ही मजल थोडी नव्हे, आणि यजमानांची लुडबूड हा कायद्याचा दोष नसून आमच्या घरांचा आहे.

मताचा अधिकार असा वाढला. मत देण्याचा दिवस मात्र अनिश्चित झाला. राज्यघटनेच्या 243 उ या कलमाचे म्हणणे स्वच्छ आहे. नगरसंस्थेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही. आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे. जिल्हा परिषदेस व ग्रामपंचायतीसही असाच नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली अहमदाबादच्या किसनसिंग तोमर खटल्यात याच नियमाचा पुनरुच्चार केला. आता आपल्या जिल्ह्यात काय घडले ते पाहा. नागपूर जिल्हा परिषदेची मुदत 2017 साली संपली. नवी निवडणूक झाली 7 जानेवारी 2020 रोजी. तीही स्थिर राहिली नाही. राखीव जागांचे प्रमाण निम्म्याहून वर गेल्यामुळे 4 मार्च 2021 रोजी न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या जागांवरील निवडी रद्द केल्या आणि त्या जागांसाठी 5 ऑक्टोबर 2021 रोजी फिरून मतदान घ्यावे लागले. मौदा तालुक्यातील खेडी याच परिषदेच्या कारभाराखाली येतात.

नगरपरिषदांची कथा याहून लांबली. जिल्ह्यातील बहुतेक नगरपरिषदांचे मतदान 2017 च्या जानेवारीत झाले होते. म्हणजे 2022 च्या प्रारंभी नवे सभासद बसावयास हवे होते. नागपूर महानगरपालिकेची मुदत 2022 च्या मार्चात संपली. परंतु आधी मागासवर्गीयांच्या आकडेवारीचा वाद, मग बांठिया आयोगाचा अहवाल, मग सरकार बदलल्यावर प्रभागांची संख्या फिरवण्याचा वटहुकूम, आणि त्यावर न्यायालयाचा 'जैसे थे'चा हुकूम, अशा एकामागून एक अडचणी निघत गेल्या. अखेर 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले, तेव्हा गाडा हलला. मागासवर्गीयांस वाटा मिळाला पाहिजे याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. उलट ज्यांस शेकडो वर्षे दाराबाहेर ठेवले, त्यांच्याच हक्काचे निमित्त करून सर्वांचेच दार बंद राहावे, हे आम्हांस विशेष खटकते. आकडे गोळा करण्यास सरकारला पाच वर्षांची मुदत होती. ती कोठे गेली?

दरम्यान खुर्चीवर प्रशासक बसला. प्रशासक वाईट असतो असे आम्ही म्हणत नाही; पुष्कळ अधिकारी सचोटीने काम करतात आणि काही मेंबरांपेक्षा बरे करतात. परंतु गटार तुंबले, नळास पाणी आले नाही, बाजारातील ओट्यांचे भाडे वाढले, राखेच्या गाड्यांनी रस्ता उखडला, तर दुकानदाराने जावे कोणाकडे? मेंबरास रस्त्यात अडवून विचारता येते, त्याच्या घरच्या लग्नात टोमणा मारता येतो. पाच वर्षांनी त्यास पुन्हा आपल्याच ओट्यावर यावयाचे असते. साहेबाची बदली होते. लहान प्रभागात दहा-पंधरा मतांनी निकाल फिरतो, म्हणून तेथे एका घराच्या तक्रारीसही किंमत असते, आणि तीच किंमत या चार वर्षांत बुडाली.

व्यापारी बंधूंसही येथे दोन शब्द सांगणे भाग आहे. निवडणूक म्हणजे वर्गणीचा तगादा, भोंग्यांचा गलबला आणि दोन दिवसांचा बुडीत धंदा, असे समजणारे आपणांत थोडे नाहीत. 1883 साली ज्या वर्गास कायद्याने निराळे आसन दिले, तोच वर्ग आज मतदानाच्या दिवशी गल्ल्यावरून उठत नसेल, तर प्रशासकाविरुद्ध त्याने कोणत्या तोंडाने बोलावे?

अखेर 2 डिसेंबर 2025 रोजी नगरपरिषदा व नगरपंचायतींचे मतदान झाले. तेथेही एक विघ्न उभे राहिलेच. काही ठिकाणचे मतदान 20 तारखेवर गेल्यामुळे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्वांची मोजणी एकदमच 21 डिसेंबरास करण्याचा हुकूम दिला, आणि मते दिलेली यंत्रे जवळजवळ तीन आठवडे कुलपात पडून राहिली. तिकडे जिल्हा परिषदेची मुदत 2025 च्या जानेवारीतच संपून तेथे प्रशासक आला होता.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक नगरपंचायतीच्या व परिषदेच्या दारावर तिची मुदत कोणत्या तारखेस संपते हे ठळक अक्षरांत रंगवावे. ती तारीख येण्यापूर्वी वर्षभर आधी प्रभागांच्या सीमा, जागांचे आरक्षण आणि मतदारांच्या याद्या कायम व्हाव्यात आणि त्यानंतर कोणत्याही वटहुकुमाने त्यांत बदल होऊ नये, असे विधिमंडळाने कायद्यात घालावे. नव्याने निवडून आलेल्या मंडळींनी पहिल्याच सभेत पहिली मागणी मान्य करावी. तीस रंगाच्या एका डब्याहून अधिक खर्च नाही.